वफ्रातला राब

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी सालेमने झैदला मजऱ्याच्या फाटकापाशीच गाठलं. मजरा म्हणजे शेत. कुवेतच्या दक्षिण टोकाला असलेल्या वफ्रात भाजीचा मळा असो की शहरातल्या श्रीमंतांचं सुट्टीचं घर, सगळ्यालाच मजरा म्हणतात. सालेम हा इथल्या मूळ मालकाचा मुलगा. त्याने आधी ईद मुबारक केलं, झैदच्या बायकोमुलीची चौकशी केली आणि मग त्याला पाण्याच्या टाकीच्या सावलीत नेऊन, कुवेती लोक आपल्याशी बोलतात तसल्या हिंदीत सांगितलं.

"झैद, बाबा अब बूढा हो गया. खांसी बहुत. अकामा इस बार खलास, नया नहीं होगा. टिकट मैं देगा, सब देगा. तुम इसको घर ले के जाओ. इदर अकेला कुछ हो गया, तो अल्लाह मेरे को पूछेगा."

झैदने मान डोलावली. सालेमला वाटलं, याला वाईट वाटलं असेल, म्हणून त्याने खांद्यावर हात ठेवला. झैदच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. कित्येक वर्षं त्याला हेच हवं होतं. बापाला जिवंतपणी गावी नेऊन आईच्या दारात उभं करायचं, याखेरीज त्याने बापाकडून दुसरं काही मागितलं नव्हतं आणि तेवढं एक बापाने कधी दिलं नव्हतं. आता सरकारनेच अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नाकारून दार लावलं म्हटल्यावर म्हाताऱ्याला निघावंच लागणार होतं.

म्हातारा, म्हणजे महबूब मापारी, त्या वेळी कोबीच्या मोकळ्या वाफ्यांत उभा राहून नव्या बांगलादेशी गड्याला पाण्याचा पाट कुठून फिरवायचा ते हाताने दाखवत होता. भर उन्हाळ्यात तिथे पाणी फिरवण्यासारखं काहीही नव्हतं.

महबूब मापारी मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडखारचे. गाव सावित्रीच्या खाडीकाठी. तिथली जमीन खाडीच्या तोंडातून ओढून काढलेली. मातीचा बांध घालायचा, भरतीचं पाणी बाहेर थोपवायचं आणि आतली खारट जमीन पावसाच्या पाण्याने धुऊन धुऊन गोडी करायची, तेव्हा कुठे भात पिकतो. महबूबच्या बापाने असा बांध घालून स्वतःची खार जमीन केली होती आणि महबूब त्याच चिखलात लहानाचे मोठे झाले. पण एवढ्याशा भातावर घर चालेना. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, तेव्हा मुंबईच्या एका एजंटने त्यांना कुवेतमधल्या कपड्याच्या दुकानात नोकरी आहे असं सांगून बोटीत बसवलं.

बंदरावर न्यायला आला तो अबू सालेम, सालेमचा बाप. महबूब नवा शर्ट घालून, केसांना तेल लावून गाडीत बसले. शहर मागे पडलं, घरं संपली, रस्ता संपला, तरी गाडी चाललीच होती. वाटेत दिसेल त्या टपरीकडे महबूब बोट दाखवायचे आणि विचारायचे, "दुकान?" अबू सालेम हसून मान हलवायचा आणि पुढे जायचा. शेवटी गाडी थांबली तिथे एक विहीर, एक पंप, एक पत्र्याची खोली आणि वाऱ्याने वाकलेली चार झाडं होती. बाकी क्षितिजापर्यंत वाळू. ही गोष्ट महबूब पुढे आयुष्यभर हसत सांगायचे, पण त्या दिवशी खोलीत शिरल्यावर आपण रडलो होतो, हे त्यांनी फक्त एकदा, झैद नव्याने कुवेतला आला तेव्हा सांगितलं.

विहिरीचं पाणी मचूळ. वाळूवर जागोजागी पांढरा पापुद्रा. पहिल्या थंडीत लावलेली टोमॅटोची रोपं पिवळी पडून मेली, दुसऱ्या थंडीतही मेली. अबू सालेमने नाद सोडायचं ठरवलं होतं. महबूबला मात्र ती जमीन ओळखीची वाटायला लागली होती. हीसुद्धा एक खारच, फक्त खाडी नसलेली. मग त्यांनी घरच्यासारखेच उंच कडांचे वाफे घातले, त्यांत पाणी भरून मीठ खाली जिरवलं, वाऱ्याच्या बाजूला सुरूसारख्या झाडांची रांग लावली, बकऱ्यांच्या लेंड्या आणून टाकल्या. बरीच मेहनत वायाही गेली. एका वर्षी वाऱ्याने एकाच दुपारी सगळी रोपं वाळूखाली गाडली. पण हळूहळू टोमॅटो धरला, काकडी धरली, मेथी आणि कोथिंबीर धरली. आजूबाजूला दुसरे मजरे झाले, रस्ता आला, वीज आली. आंबडखारातली आणखी माणसं त्यांच्या मागून आली. वफ्रातल्या जुन्या लोकांत 'हिंदी महबूब' असं नाव झालं.

आणि दर वर्षी, रोपं टाकायच्या आधी, ते राब भाजायचे. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. जिथे रोपं करायची त्या तुकड्याला दाढ म्हणतात. तिच्यावर शेण, झाडाच्या फांद्या, पाला आणि वाळलेलं गवत पसरायचं, वर भुरभुर माती टाकायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवून द्यायचं. राब भडकता कामा नये, धुमसत गेला पाहिजे. त्याने तण मरतं, माती भाजते आणि रोपं जोमाने येतात. वफ्रात आंब्या-किंजळाच्या फांद्या नव्हत्या, म्हणून महबूब खजुरीच्या झावळ्या घ्यायचे. अबू सालेमला सुरुवातीला हा जादूटोणा वाटला. नंतर तो मित्रांना मुद्दाम बोलावून दाखवायचा.

इराकी फौजा आल्या तेव्हा सगळे बसमध्ये बसून वाळवंटातून जॉर्डनच्या वाटेने पळाले. महबूब थांबले. विहिरीवर कोणीतरी लागेल, असं त्यांचं म्हणणं. पुढे वफ्राच्या तेलविहिरी पेटल्या आणि दिवसा काळोख झाला. पानांवर, बकऱ्यांवर, भाकरीच्या पिठावर काजळी बसायची. महबूबची छाती बिघडली ती तेव्हापासून. इकडे गावात कोणीतरी येऊन सांगितलं की वफ्राच्या मजऱ्यावरचा मापारी गेला. घरात रडारड झाली. झैदची आई रुकय्या इद्दतीला, म्हणजे विधवेच्या चार महिन्यांच्या एकांतवासाला बसली, बाहेरच्या माणसाचं तोंड पाहीनाशी झाली आणि एके दिवशी दापोलीचा एक माणूस दारात येऊन म्हणाला, "वहिनी, महबूबभाई धडधाकट हायत, काकडी लावतायत."

रुकय्याने ते नवऱ्याला कधी विसरू दिलं नाही. फोनवर म्हणायची, "एकदा तुमच्या नावानं रडून झाला माझा. आता मेल्याची खबर नको, जिवंत या." महबूब म्हणायचे, "सीझन संपला की बघतो." सीझन संपला की दोन महिने यायचे, अंगणात अस्वस्थ फिरायचे आणि परत जायचे.

मधल्या काळात आंबडखारचा बांध फुटला. गावात बांध दुरुस्त करायला हात नव्हते, सगळे आखातात. भरतीचं पाणी आत आलं आणि मापारींची खार पुन्हा खाडीत गेली. रुकय्याने निरोपावर निरोप पाठवले. महबूबने पैसे पाठवले, स्वतः आले नाहीत.

झैदने एकदा आईला भेटीच्या व्हिसावर कुवेतला आणलं होतं. तिला मोठ्या उमेदीने मजऱ्यावर नेलं. महबूब पुढे आणि ती मागे, असं दोघं वाफ्यांच्या कडेने फिरत होती. महबूब एकेक वाफा दाखवत होते. सगळं पाहून झाल्यावर रुकय्या एका कडेवर चप्पल ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "इथं एवढे बांध घातलात. तिकडं एक फुटला, तेव्हा नाय आलात."

महबूब खाली वाकले. त्यांनी तिला एक काकडी तोडून दिली. तिने ती खाल्ली नाही, पदरात बांधून रिग्गईला, झैदच्या फ्लॅटवर आणली. झैदची बायको माहीन हिने दुसऱ्या दिवशी त्या काकडीची कोशिंबीर केली, तेव्हा म्हाताऱ्या सासूने ताटातून ती बाजूला सारली.

हे सगळं झैदच्या मनात होतं, म्हणून सालेम बोलला त्या दिवशी त्याने बापाशी भांडायची पुरी तयारी केली. तो कुवेत शहराजवळच्या हवल्लीत पडद्याच्या कापडाचं दुकान सांभाळायचा. गिऱ्हाइकाला कसं वळवायचं ते त्याला येत होतं, पण बापापुढे त्याची जीभ अडायची. चहाचा कप हातात देऊन तो म्हणाला, "अब्बा, सालेम म्हणतो अकामा होणार नाय."

"मना सांगितला त्यानं."

"मग?"

"मग काय? जायचा."

"गावी?" झैदने विचारलं.

"नायतर कुठं? तुझ्या फ्लॅटात? तिथं मना खिडकीतून समोरच्याचा एसी दिसतो." महबूब हसले आणि खोकले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "ऊन उतरू दे जरा. निघायच्या आधी दाढ भाजून घेतो."

"ती कशाला? पेरणार कोण?"

"पुढं जो येईल तो. त्याला रोपं लागतील."

झैदने पुढे विचारलं नाही. म्हातारा 'जायचा' म्हणाला, या आनंदात त्याला बाकीचं सगळं मान्य होतं. रात्री त्याने आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "विमानात बसले की सांग. तोवर मी घर सारवत नाय." पण दुसऱ्या दिवशी शेजारणीने झैदला कळवलं की तुझ्या आईने गाद्या उन्हात घातल्यात.

तिकिटं काढली. सालेमने नवा सदरा आणि घड्याळ दिलं. निघण्याच्या आधीच्या शुक्रवारी झैद सकाळीच वफ्राला पोचला. झावळ्या आणि वाळलेला चारा त्याने स्वतः वाहून आणला. राबाचा तुकडा नेहमीचाच, टाकीच्या पलीकडचा. महबूब लाकडी फावड्याने कडा नीट करत होते. शेजारच्या मजऱ्यावर काम करणारा जाफर, तोही आंबडखारचाच, मुद्दाम बघायला आला. त्याने मोबाइल काढला.

"काका, जरा इकडं बघा. गावाला दाखवतो, कुवेतला राब."

"माझा काय बघायचा? राबाचा काढ."

"राबाचा काढला तर गावची माणसं विचारतील, पेज कुठंय? पाऊस कुठंय?"

"सांग, पाऊस माझ्या सूनबाईनं रिग्गईत अडवून ठेवलाय, कपडे वाळायचेत म्हणून."

जाफर हसला. झैदसुद्धा हसला. महबूबने ओंजळीतली माती उडवून वारा बघितला, खाली बसून उलट बाजूला काडी लावली. राब छान लागला. पांढरा धूर जमिनीलगत सरकत गेला. जाफर व्हिडिओ काढून आपल्या मजऱ्यावर परतला.

मध्यावर गेल्यावर धूर काळा झाला.

आधी त्यांना वाटलं, झावळीत काहीतरी ओलं असेल. मग वास आला, नाकात चिकटणारा, जळक्या बादलीसारखा. काय झालं ते झैदच्या लगेच ध्यानात आलं. गेल्या थंडीत महबूब खोकल्याने खोलीत पडून असताना सालेमची माणसं टाकीच्या पलीकडे काहीतरी काम करत होती. नळ्यांची भेंडोळी आणि काळ्या प्लॅस्टिकचे मोठे गुंडाळे फाटकाशी पडलेले झैदने पाहिले होते. पाहुण्यांच्या खोल्यांपुढे हिरवळ लावायची होती. प्लॅस्टिक अंथरून झालं, पण ऊन वाढलं म्हणून काम थांबलं आणि वाऱ्याने सगळ्यावर वाळू ओढली. वरून दाढ पूर्वी होती तशीच दिसत होती. खाली काय आहे हे राब भाजणाऱ्या माणसाने कधी बघितलेलं नसतं. राबाखाली माती असते, एवढंच त्याला माहीत. झैदलाही तेवढंच माहीत होतं, आणि त्या गुंडाळ्यांची आठवण त्याला झावळ्या वाहताना एकदाही झाली नाही.

"अब्बा, बाहेर या!"

महबूब आत शिरले होते. राब भडकला तर माती टाकून दाबायचा, ही त्यांच्या अंगात मुरलेली सवय. ते फावड्याने वाळू ओढत राहिले आणि धूर त्यांच्या तोंडावर येत राहिला. झैदने कमरेला धरून ओढलं तर म्हातारा हिसका देऊन म्हणाला, "सोड रे, खाली जातोय तो. खाली कसा जातोय?"

बांगलादेशी गड्याने पंप सुरू केला. आग विझली. महबूब टाकीला टेकून बसले, पाणी प्यायले, "काय नाय झाला" म्हणाले. दुपारी त्यांच्या ओठांवर निळसर झाक दिसू लागली, तेव्हा झैदने त्यांना उचलून गाडीत घातलं.

हॉस्पिटलमध्ये छातीच्या वॉर्डात विजया नावाची लातूरची नर्स होती. नाव वाचून ती मराठीत बोलू लागली, तेव्हा महबूबने पहिल्यांदा डोळे नीट उघडले. ऑक्सिजनचा मास्क ते सारखा ओढायचे.

"आजोबा, कशाला काढायलाव मास्क? काही बोलायचंय का?"

"धूर लागतोय तुझ्या ह्या मास्कात."

"त्याच्यात धूर नाही, हवा आहे. धूर तुम्हीच आत घेऊन आलाव." मग झैदला दारापाशी बोलावून ती हळू आवाजात म्हणाली, "छाती आधीपासून खराब आहे यांची. डॉक्टर सांगतील तुम्हाला. पण घरच्यांना बोलायचं असंल तर बोलून घ्या."

माहीन मुलीला घेऊन आली. मुलगी कुवेतमध्येच वाढलेली, इंग्रजी शाळेतली. ती कॉटजवळ उभी राहून म्हणाली, "दादाजान, यू हॅव टू गेट वेल." महबूबने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि झैदकडे बघून विचारलं, "काय म्हणते?"

"बरे व्हा म्हणते."

"मग तसा सांग ना तिला बोलायला."

झैदने आईला फोन करून 'मजऱ्यावर आग लागली, थोडा धूर गेला' एवढंच सांगितलं. राबाचं नाव काढलं नाही. आई शेतातली बाई. पेरायचं असलेला माणूसच राब भाजतो, हे तिला कळल्याशिवाय राहणार नव्हतं. निघायला तयार झालेला नवरा दाढ भाजत होता, हे ऐकून ती काय समजेल, याची झैदला भीती वाटली. खरं तर त्याला स्वतःलाही तीच शंका खायला लागली होती. म्हातारा खरंच यायला निघाला होता का? की 'जायचा' म्हणून त्याने पोराला गप्प केलं आणि थंडीसाठी रोपांची तयारी केली? आयत्या वेळी विमानतळावर 'मी नाय येत' म्हणणारा माणूस होता तो. एकदा तसं केलंही होतं.

विचारावं म्हणून तो कॉटजवळ खुर्ची ओढून बसला. महबूबच आधी बोलले.

"वारा बदलला होता काय रे?"

"नाय अब्बा. खाली प्लॅस्टिक होतं."

"कोणी घातला?"

"सालेमच्या माणसांनी. हिरवळ लावणार होते."

महबूबने मास्क बाजूला सारला. "माझ्या राबाखाली?" ते म्हणाले. मग, "मना कोणी सांगितला नाय."

आपण ते गुंडाळे पाहिले होते, हे झैदच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. आणि ज्या प्रश्नासाठी तो बसला होता, तोही विचारायचा राहिला. त्याने फक्त आईला फोन लावला आणि बापाच्या कानाशी धरला. पलीकडून रुकय्या काहीतरी बोलत होती. झैदला शब्द कळत नव्हते, नुसता तिचा आवाज येत होता, न थांबता, न चिडता. महबूब मास्कमधून बोलू शकत नव्हते. ते ऐकत होते आणि मधूनमधून मान हलवत होते, जणू ती समोरच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सालेम, जाफर आणि जवळच्या मशिदीचे मराठी समजणारे रायगडचे मौलाना जमले. सालेम खरोखर रडत होता. त्याला प्लॅस्टिकचं कळलं होतं. तो म्हणाला, "इदर दफन करो, हमारे कबरस्तान में. इदर इतना साल रहा, इदर का आदमी है." मौलानांनीही तेच सांगितलं. मय्यतीला उशीर करू नये, माणूस जिथे जातो तिथली माती त्याची. जाफर म्हणाला, "काका गावात कोणाला ओळखत पण नव्हते आता. त्यांची खरी माणसं इथंच." झैदला सगळं पटत होतं. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवणारंच ते बोलणं होतं. जिवंत बाप आईच्या दारात नेता आला नाही, आता निदान वेळेवर मातीत तरी द्यावा. तो आईला विचारायला म्हणून नव्हे, सांगायला म्हणून बाजूला गेला.

"अम्मा, अब्बा गेले."

पलीकडे तिने दुवा म्हटली. मागे बायकांचा आवाज उठला, तो तिने हाताने थांबवला असावा, कारण लगेच शांतता झाली.

"एक सांग," ती म्हणाली. "ते येत व्हते, का तू आणत व्हतास?"

झैदने डोळे मिटले. "येत होते, अम्मा."

"मग राब कशाला भाजला?"

झैदने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जाफरनं पाठवलेला व्हिडिओ सगळ्या गावानं बघितला. मी पण बघितला. कडा सरळ लावलेल्या. तू मना आग म्हणून सांगितलास."

"अम्मा, ते म्हणाले, पुढं जो येईल त्याला रोपं लागतील. खरंच तसं म्हणाले. माझ्यासमोर."

झैदला वाटलं, आता ती फोन ठेवेल. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, घरकाम सांगावं तसा.

"तुझ्या आजोबांनी खोतांची जमीन सोडली ना, तेव्हा दाढ भाजून दिलेली. मी नवी नवरी. पाला मीच वाहिला. लोक हसले, जमीन गेली आणि हा राख कसली करतोय. सासरे म्हणाले, माती उघडी टाकून निघायचा नसतो. तुझे अब्बा बाजूलाच उभे व्हते. त्यांनी ता बघितलेला. म्हणजे निघालेच व्हते ते."

"हो, अम्मा."

"निघालेला माणूस वाटेत कशाला ठेवतोस? आण."

"मौलाना म्हणतात उशीर..."

"मी थांबले ना? मय्यत थांबेल जरा. गुनाह असेल तर माझ्या डोक्यावर घाल. आण त्यांना."

झैद परत आला आणि म्हणाला, "गावी न्यायचे." मौलाना काही बोलणार होते, पण त्याचं तोंड बघून थांबले. सालेमने डोळे पुसले आणि गाडीची किल्ली काढली. दूतावास, मृत्यूचा दाखला, विमानातली जागा, सगळीकडे तो स्वतः उभा राहिला. आंघोळ आणि जनाज्याची नमाज कुवेतमध्येच झाली. पहिल्या रांगेत आजूबाजूच्या मजऱ्यांवरचे गडी होते, त्यांच्या चपलांना अजून वाळू लागलेली.

मुंबईहून शववाहिका निघाली ती उजाडता उजाडता आंबडखारला पोचली. पेटी दारात ठेवली, चेहऱ्यावरचं कापड सारलं. रुकय्या भिंतीला धरून आली, खाली बसली आणि खूप वेळ बघत राहिली. घर सारवलेलं होतं. मग ती एवढंच म्हणाली, "बारीक झालात," आणि कापड स्वतःच्या हाताने नीट केलं.

कबरस्तानात माती देऊन झाल्यावर झैद एका कडेला उभा होता. गावातले सगळ्यात म्हातारे लक्ष्मीकांत गुरव, जे लहानपणी महबूबबरोबर खाडीत मासे धरायचे, काठी टेकत त्याच्याजवळ आले. काहीतरी बोलायचं म्हणून झैदने विचारलं, "काका, आजोबांनी खोतांची जमीन सोडली, तेव्हाचं आठवतं का तुम्हाला?"

"खोतांची जमीन?" गुरव कान पुढे करत म्हणाले. "तुझ्या आज्यानं खोतांची जमीन कधी केली? त्याची स्वतःची खार व्हती. बांध फुटेपर्यंत तीच. कोणी सांगितला तुला?"

"नाही, असंच," झैद म्हणाला.

घरी तो परत आला तेव्हा आतल्या खोलीत बायका जमल्या होत्या. दारावर पडदा सोडलेला होता. पडद्याआडून आईचा आवाज येत होता. ती कोणाला तरी सांगत होती, "निघालेच व्हते ते. बॅग भरलेली. जाताना पुढच्या माणसाला दाढसुद्धा भाजून दिली. आमच्या घरात तशी रीत हाय." कोणा बाईने शंकेने काही म्हटलं असावं, कारण आईने पडद्याकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, "झैद! आलास काय रे? सांग यांना."

झैद उंबऱ्यावर थांबला. त्याचा एक पाय घरात होता, एक बाहेर.

"हो," तो म्हणाला. "निघालेच होते. झावळ्या मीच वाहून दिल्या."

आत कोणीतरी पुन्हा रडू लागलं. आईचा आवाज त्यात नव्हता.